दुपारची पंगत

२९ फेब्रुवारी १९४०. लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात ऑस्करचा सोहळा होता. तेव्हा तो नाट्यगृहात होत नसे. टेबले मांडून, जेवणाखाण्यासह रात्रीचा थाट असे. 'गॉन विथ द विंड' या चित्रपटातल्या मॅमी नावाच्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल या काळ्या अभिनेत्रीला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. अडचण अशी, की त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने रदबदली केली म्हणून तिला आत घेतले. बसवले मात्र भिंतीकडच्या एका छोट्या टेबलाशी, चित्रपटातल्या बाकीच्या मंडळींपासून लांब. दोनच महिन्यांपूर्वी अटलांटात चित्रपटाचा पहिला खेळ झाला, त्याला तर तिला जाताच आले नव्हते. १९५२ साली ती वारली. हॉलिवूडमधल्या दफनभूमीत पुरावे अशी तिची इच्छा होती. तिथेही नकार आला.

वेगळी पंगत काय असते हे मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. बक्षीस द्यायचे, टाळ्या वाजवायच्या आणि पान मात्र लांब मांडायचे, ही रीत आपण अमेरिकेकडून शिकलेलो नाही.

त्या भिंतीकडच्या टेबलाला जणू उत्तर म्हणून २००८ पासून हॉलिवूडमध्ये वेगळीच पंगत बसते. 'एसेन्स' हे काळ्या स्त्रियांसाठी १९७० मध्ये सुरू झालेले मासिक. ऑस्करच्या आठवड्यात, ऑस्करच्या आधी, हे मासिक 'ब्लॅक विमेन इन हॉलिवूड' नावाचा समारंभ करते. भर दुपारी, जेवणाचा. अभिनेत्री, दिग्दर्शिका, लेखिका, निर्मात्या नटूनथटून येतात. तिथल्या सत्काराला कोणी मंत्रीसंत्री लागत नाही. आपल्याच धंद्यातली मैत्रीण उठते, सत्कारमूर्तीविषयी बोलते, आणि मग सत्कारमूर्ती स्वतः बोलते, हवे तितके. रडतात, हसतात, एकमेकींना मिठ्या मारतात. प्रायोजक कंपन्यांच्या पाट्या असतात, कॅमेरे असतात, झगमगाट तर असतोच. हा सगळा बाजार आहे असे म्हणून नाक मुरडणारे तिकडेही असतील. पण पंगत त्यांची, यजमान त्याच आणि मानाचे पानही त्यांचेच.

हा लेख मी अंबाजोगाईत बसून लिहितो आहे, आणि हॉलिवूडची एवढी चौकशी इथे कशाला असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्यांना दास्यातून मोकळे केले म्हणून. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांचे पुढारी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच तिकडच्या ब्लॅक पँथरचे घेतले. आणि आमच्या शेजारच्या लातूरला प्राचार्य राहिलेल्या डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला, तोही सत्तरच्या दशकात. मराठवाड्यात ही वाट जुनी आहे. तिच्यावरून आम्ही कविता आणली, आत्मकथन आणले, चळवळ आणली. नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाईचा विचार मात्र या वाटेने फारसा आला नाही.

आपल्याकडे हॅटी मॅकडॅनियलची बहीण शोधायची तर तमाशाच्या फिरत्या फडात आणि कलाकेंद्रांतल्या संगीतबारीत शोधावी लागते. ढोलकीफडाच्या तमाशात महार आणि मांग समाजातल्या बायका, संगीतबारीत कोल्हाटी समाजातल्या. अपवाद आहेत, पण मुख्य धार ही. महाराष्ट्राची रात्रीची करमणूक या बायकांनी शतकभर वाहिली.

अंबाजोगाईला 'मराठवाड्याचे पुणे' म्हणतात आणि म्हणणाऱ्याचा सूर नेहमी कौतुकाचाच असतो. मुकुंदराजांची समाधी इथली. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी इथली. स्वामी रामानंद तीर्थांनी योगेश्वरी विद्यालय चालवले ते इथेच. निजामाच्या काळात गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि इथे घोडदळाची छावणी होती. आताच्या गावाची ओळख शिक्षणसंस्था, मोठे सरकारी रुग्णालय आणि समारंभ. दर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो. त्यात कविसंमेलन असते, शेतकरी परिषद असते, शास्त्रीय गायनाची बैठक असते, पुरस्कार असतात. श्रोता जाणता आहे. चुकीच्या जागी टाळी पडत नाही, याचा गावाला अभिमान आहे, आणि मलाही आहे.

पण तमाशा बघायचा तर या गावचा माणूस गावाबाहेर जातो. जत्रेला जातो, उरुसाला जातो, मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाला जातो. माळेगावची यात्रा घोड्या-गाढवांच्या बाजारासाठी जितकी प्रसिद्ध, तितकीच फडांसाठी. जिल्हा परिषद तिथे लावणी महोत्सवही भरवते. रात्री तंबूत शिट्ट्या घालून आलेला माणूस सकाळी अंबाजोगाईच्या बसमध्ये बसला, की तो पुन्हा रसिक, सुसंस्कृत वगैरे होतो. संगीतबारीचे तर बोलायलाच नको. जामखेड, मोडनिंब, चौफुला अशी महामार्गालगतची नावे आमच्याकडच्या पुरुषांना नीट पाठ असतात. घरात ती नावे कोणी उच्चारत नाही.

तमाशातल्या बाईचे आयुष्य रात्रीचे. दसऱ्याला फड बाहेर पडतो. ट्रक, तंबू, जनरेटर, स्वयंपाकाची भांडी, पोरेबाळे, सगळे सोबत. चैत्र-वैशाखात जत्रांचा हंगाम भरात येतो. रोज नवे गाव. संध्याकाळी तंबू उभा राहतो, रात्री उशिरा गण होतो, मग गवळण, बतावणी, रंगबाजी, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. पहाटे सामान भरायचे, पुढच्या गावाचा रस्ता धरायचा. झोप मिळते ती दुपारी, ट्रकच्या सावलीला नाहीतर शाळेच्या ओसरीवर. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येऊन सुपारी देतात, बोलणी होतात, तारखा ठरतात. हा व्यवहार भर दिवसा होतो, पण त्यात बोलतात मालक आणि मॅनेजर. बाई लोकांना दिसते ती रात्रीच.

पैशाची रीत बीड जिल्ह्याला कळायला जड नाही. आमच्याकडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडतो. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधला जातो. तमाशातला कलावंतही फडमालकाकडून उचलच घेतो. मुलीचे लग्न, आजारपण, पावसाळ्यातले बिनकामाचे महिने, कारणे तीच. फडमालकही सुखात असतो असे नाही. त्याच्या डोक्यावर सावकाराचे व्याज असते. एखाद्या जत्रेत पाऊस आला, भांडण झाले, पोलिसांनी वेळेची मर्यादा दाखवली, की रात्रीचा गल्ला बुडतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जत्राच झाल्या नाहीत, तेव्हा फडातल्या माणसांनी काय केले असेल हे सांगायला नको.

या रात्रीच्या आयुष्यात ज्या बायका मोठ्या झाल्या त्यांची नावे आपण आदराने घेतो. ती घेताना आपण बरेच गाळतो.

पवळा हिवरगावकर संगमनेर तालुक्यातली, महार कुटुंबात जन्मलेली. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतात. त्याआधी बायकांची सोंगे नाच्या पोरे काढत. तिची जोडी जमली ती शाहीर पठ्ठे बापूरावांशी, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी, जातीने ब्राह्मण. बापूरावांचे कवित्व आणि पवळेचे रूप-गळा-पाय यांनी महाराष्ट्र वेडा केला. जातीबाहेरच्या या संगतीची किंमत बापूरावांनी मोजली हे सगळे सांगतात. पवळेने काय मोजली हे कमी सांगितले जाते. बापूरावांवर पुस्तके झाली, चित्रपट झाला. पवळा त्या गोष्टीत नायिका म्हणून येते, कलावंत म्हणून क्वचितच. ती वारली १९३९ साली, म्हणजे हॅटी मॅकडॅनियल भिंतीकडच्या टेबलाशी बसली त्याच्या आदल्या वर्षी.

विठाबाई नारायणगावकरांचे सगळ्यांना माहीत आहे असे आपल्याला वाटते. १९३५ मध्ये पंढरपुरात जन्म, वडिलांचा आणि चुलत्याचा फड, आणि फडाच्या नावातच जात: भाऊ-बापू मांग नारायणगावकर. ती पाटी लावून हा फड राज्यभर फिरला आणि लोकांनी तिकिटे काढून गर्दी केली. १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते विठाबाईंचा सन्मान झाला. चीनच्या युद्धात सीमेवरच्या जवानांपुढे त्या नाचल्या. आणि ती प्रसिद्ध कथा: दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि लुगडे कसून पुन्हा बोर्डावर आल्या. पोट सपाट झालेले बघून लोकांना काय घडले ते कळले आणि त्यांनीच खेळ थांबवला, असे सांगतात.

ही कथा मी कितीतरी सत्कारांतल्या भाषणांत ऐकली आहे. वक्ता ती सांगतो, आवाज भरून येतो, सभागृह टाळ्या वाजवते. मला त्या टाळ्यांचा राग येतो. नवव्या महिन्यात बाईला नाचावे लागले, कारण खेळ रद्द केला तर पैसे बुडत होते. पुन्हा बोर्डावर जावे लागले, कारण तंबू भरलेला होता. ही कलानिष्ठेची कथा आहेच, पण त्याआधी ती मजुरीची कथा आहे. उसाच्या फडात बाळंत होऊन पुन्हा मोळी उचलणाऱ्या बायका बीड जिल्ह्यात आहेत, त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही. ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी तिचे आपण स्फूर्तिगीत केले. विठाबाई २००२ च्या जानेवारीत गेल्या. शेवटच्या आजारपणातले दवाखान्याचे बिल भागवायला देणग्या गोळा कराव्या लागल्या. योगिराज बागूल यांनी त्यांचे आयुष्य पुस्तकात मांडले आहे. सत्काराची भाषणे करणाऱ्यांनी ते वाचून मगच माईक हातात घ्यावा.

विठाबाईंच्याच नावाने राज्य सरकारने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पहिला मान कांताबाई सातारकरांना मिळाला. गुजरातेत जन्मलेल्या, वाढल्या साताऱ्यात. तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या, त्यांच्याशी संसार झाला. खेडकर अकाली गेले आणि फडावरचा हक्कही गेला. मुलांना घेऊन पुन्हा शून्यापासून सुरुवात करत कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला. बोर्डावर नाचणारी बाई पन्नास-शंभर माणसांच्या पोटाची मालकीण झाली. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गेल्या, तेव्हा त्यांच्यासारख्या मालकिणीच्या अंत्ययात्रेला जी गर्दी व्हायला हवी ती होऊ शकली नाही. विठाबाईंची लेक मंगला बनसोडे यांनाही पुढे आईच्या नावाचा हा पुरस्कार मिळाला.

यमुनाबाई वाईकरांची गोष्ट थोडी वेगळ्या वळणाची. कोल्हाटी समाजात १९१५ साली जन्म, गाणे आईकडून. बैठकीच्या लावणीत त्यांच्या तोडीचे कोणी नव्हते असे जाणकार म्हणतात. बसल्या जागेवर, एका ओळीची अदा अनेक तऱ्हांनी, हात, डोळे, भुवया आणि गळा एवढ्याच भांडवलावर. शास्त्रीय बैठकीच्या जाणकारीचा अभिमान असलेल्या आमच्या गावाने खरे तर या कलेपुढे आधी मान तुकवायला हवी होती. १९७७ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये पद्मश्री. पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचे वय शहाण्णवच्या घरात होते. २०१८ मध्ये त्या वाईत वारल्या.

शहाण्णव! हा आकडा बघून मी थोडा वेळ थांबलो. कलावंत बाईचा सन्मान करायला आपल्याला ती म्हातारी व्हावी लागते. तिचे अंग थकले, केस पांढरे झाले, तिच्याकडे बघताना कोणाच्या मनात वावगे येणार नाही अशी खात्री झाली, की आपण तिला आई म्हणतो, शाल पांघरतो आणि पाया पडतो. तोवर ती नाचणारी. पंचवीस-तीस वर्षांची, भर हंगामात रोज रात्री बोर्ड गाजवणारी बाई आहे, तिला दिवसाउजेडी मंचावर बोलावून सन्मान करण्याचे धाडस कितीजणांनी केले? अकलूजला १९९३ पासून लावणी स्पर्धा भरू लागली, तिथे कुटुंबे येऊन बसली, बायका आल्या, हे मोठे काम झाले. पुढे भूषण कोरगावकर यांचे 'संगीत बारी' हे पुस्तक आणि सावित्री मेधातूल यांचा माहितीपट यांनी शहरी माणसाला कलाकेंद्रांच्या आतले जग दाखवले. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी.

याउलट हॉलिवूडच्या त्या जेवणात बहुतेकींना बोलावतात ते कामाच्या भरात असताना. २०१४ मध्ये लुपिता न्योंगो तिथे बोलली तेव्हा तिने तिशी नुकतीच ओलांडली होती. 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हा तिचा पहिलाच मोठा चित्रपट आणि त्याच आठवड्यात तिला ऑस्कर मिळाले. ते छोटे भाषण इंटरनेटवर आहे. एका मुलीने तिला पत्र लिहिले होते, की मी कातडी उजळवणारे क्रीम विकत घेणारच होते, तेवढ्यात तुम्ही पडद्यावर दिसलात. लुपिताने सांगितले, लहानपणी ती स्वतः देवाकडे रोज मागायची की सकाळी उठेन तेव्हा गोरी असेन. मग ॲलेक वेक ही गडद काळी मॉडेल जगभर झळकली आणि हिच्या मनात पहिल्यांदा आले, की असेही सुंदर असता येते.

हे भाषण ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आपला मेकअपचा आरसा आला. लावणीतली नायिका गोरी. चित्रपटातली तमासगिरीण गोरी. फडातल्या सावळ्या पोरी चेहरा, मान, हात, सगळीकडे पावडरीचा थर चढवतात, कारण समोरच्याला तेच हवे असते. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, 'पिंजरा' १९७२ चा. दोन्ही पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षे नाव काढले जाणारे चित्रपट, आणि दोन्हींच्या नायिका फडाबाहेरून आलेल्या. जयश्री गडकर आणि संध्या यांच्या गुणांविषयी वाद नाही. पण तमाशावर पैसा झाला तो चित्रपटाचा, आणि चित्रपट बघून लोक फडाकडे वळले तेव्हा फडातल्या बाईला चित्रपटातली गाणी वाजवून त्यांची नक्कल करावी लागली. मूळ लावणी वगाच्या कडेला गेली. आज जाणकार तक्रार करतात की तमाशात अस्सल काही राहिले नाही. ते कोणी घालवले हेही त्यांनी जरा आरशात बघून सांगावे.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या कलेचा गौरव करावा का, असा प्रश्न या समाजांतूनच विचारला गेला आहे. पठ्ठे बापूराव तमाशाचे पैसे घेऊन बाबासाहेबांकडे चळवळीला मदत म्हणून गेले आणि आपल्या भगिनींना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो परत केला, असे सांगितले जाते. आंबेडकरी चळवळीने जलसे उभे केले, तमाशाचा साचा घेऊन त्यातून बाई आणि शृंगार वगळला. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' या १९९४ च्या आत्मकथनात नाचणाऱ्या आईच्या मुलाच्या वाट्याला काय येते ते लिहिले. त्यातली 'चिरा उतरवणे', म्हणजे वयात आलेल्या मुलीची पहिली रात्र पैसेवाल्याला विकण्याची चाल, वाचल्यावर लावणीच्या सोहळ्यात नुसते वाहवा म्हणणे जड जाते. तिकडे हॅटी मॅकडॅनियललाही तिच्याच लोकांनी विचारले होते, की आयुष्यभर मोलकरणीचीच कामे करून तू आमचे काय भले करतेस? तिचे म्हणणे, थोडक्यात, असे होते की मोलकरणीचे सोंग केले तर आठवड्याला भरपूर पैसे मिळतात, खरी मोलकरीण झाले तर जेमतेम. हे उत्तर आमच्या फडातल्या कुठल्याही बाईला पटेल.

या पेचावर अलीकडे सर्वांत टोकदार काम केले ते शैलजा पाईक यांनी. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या, आता अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापक. तमाशातल्या दलित स्त्रियांवरचे त्यांचे पुस्तक २०२२ मध्ये आले आणि २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. हा बहुमान मिळवणाऱ्या त्या पहिल्या दलित. या बाईला अश्लील कोण ठरवते, त्या ठरवण्यातून कोणाची प्रतिष्ठा तयार होते आणि तरीही ती बाई आपले माणूसपण कशी मिळवत राहते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. पुस्तक इंग्रजीत आहे. मराठी अभ्यासकांनी आणि प्रकाशकांनी याकडे लक्ष द्यायला हवे. ज्या बायकांविषयी ते आहे त्यांना ते वाचता येत नाही.

सरकारचे म्हणाल तर सरकारने तमाशावर बंदी घालूनही पाहिली. १९४८ च्या सुमारास मुंबई प्रांताने बंदी आणली, ओरड झाली, मग दत्तो वामन पोतदारांच्या समितीने सुधारणा सुचवल्या, वग तपासले जाऊ लागले. आमचा मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात, त्यामुळे ती बंदी आमच्यावर नव्हती. नंतर मात्र नियम सगळीकडे पोचले. आता पुरस्कार आहे, महोत्सव आहे, वृद्ध कलावंतांना मासिक मानधन आहे. ते मिळवायला कागद लागतात: कलेचा पुरावा, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा. जन्मभर रोज नव्या गावात राहिलेल्या बाईने रहिवासाचा दाखला कोणत्या गावचा आणायचा?

आमच्या भागातल्या एका सत्कार समारंभाची हकीकत सांगतो. गावाचे आणि संस्थेचे नाव राहू द्या. एका वयस्क तमाशा कलावंत बाईंचा सत्कार होता. पाहुणे दोन तास उशिरा आले. शाल, श्रीफळ, ट्रॉफी झाली. बाईंना बोलायला दोन मिनिटे दिली आणि 'एक ठेका होऊन जाऊ द्या' असा आग्रह झाला. त्यांनी गुडघ्यांचे दुखणे सांगून एक ओळ म्हटली. सभागृह खूश. मग पाहुण्यांची जेवणाची व्यवस्था संस्थाचालकांच्या बंगल्यावर होती, तिकडे गाड्या गेल्या. सत्कारमूर्ती कुठे जेवणार हे कोणी ठरवलेच नव्हते. एका कार्यकर्त्याने धावपळ करून डबा आणला. बाई आणि त्यांची नात यांनी मंचामागच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून खाल्ले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. वाईट मनाची गरजच पडली नाही. रीत आपोआप चालली. बाईंनी तक्रार केली नाही. त्या एवढेच म्हणाल्या, की बस चुकायला नको.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे, की या बायकांचा सन्मान करायचा तर शाल-श्रीफळाने होणार नाही, रात्रीच्या टाळ्यांनी तर नाहीच. तो दुपारी व्हायला हवा, जेवणाच्या पंगतीत. जी बाई गावाला फक्त रात्री दिसते, तिला गावाने भर दुपारी, आपल्या बायकामुलांसह, शेजारी बसवून जेवू घालावे. हॉलिवूडच्या त्या समारंभातली मला सर्वांत भावलेली गोष्ट झगमगाट नाही, ती दुपारची वेळ आहे.

हे अंबाजोगाईने करावे असे मी म्हणतो त्याला कारण आहे. समारंभ नेटका कसा करायचा हे या गावाला येते. ऐकायचे कसे हेही येते. आणि परित्यक्तांना, एकट्या बायकांना घेऊन काम करण्याची पायवाट इथे आधीपासून आहे. डॉ. द्वारकादास लोहिया यांची मानवलोक आणि डॉ. शैला लोहिया यांचा मनस्विनी प्रकल्प याच गावात उभे राहिले. नवऱ्याने टाकलेल्या बाईला गावात सन्मानाने उभे करता येते हे ज्या गावाने पाहिले, त्याला हे पुढचे पाऊल अवघड नाही.

मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेसाठी फड मराठवाड्यात उतरतात. त्याच सुमारास, खेळ नसलेल्या एका दुपारी, अंबाजोगाईत पंगत ठेवावी. सन्मान कोणाचा करायचा हे फडातल्या आणि बारीतल्या बायकांनीच ठरवावे, गावातल्या समितीने नव्हे. सन्मान चाळिशीच्या आतल्या एकीचा तरी असावा. तिच्याविषयी तिच्या फडातली मैत्रीण बोलेल, ढोलकीवाला बोलेल, आमदार खाली बसून ऐकतील. नाचायचा आग्रह कोणी करायचा नाही. तिला वाटले तर ती नाचेल. शालीऐवजी तिच्या मुलांच्या वसतिगृहाचे आणि तिच्या मानधनाच्या कागदांचे काम गावाने अंगावर घ्यावे. पान मांडताना फडातला माणूस आणि गावातला माणूस एकाआड एक बसावा. वाढायला गावातल्या पुरुषांनी उभे राहावे, कारण शिट्ट्या घालायला तेच जातात. खर्च फार नाही. एका मोठ्या समारंभाच्या मंडपाला जेवढा लागतो त्याहून कमीच लागेल. गावातल्या ज्यांना हे पटते त्यांनी या वर्षीच्या माळेगावच्या तारखा बघून एक दिवस पक्का करावा.